हाडांची गोळी पोटाला मानवत नाही, तेव्हा

आईच्या टेबलाच्या खणात एकदा मला हाडांच्या गोळ्यांची तीन पाकिटं सापडली. आठवड्याला एक घ्यायची गोळी, एका पाकिटात चार. पहिल्यातल्या दोन घेतलेल्या, बाकीची दोन पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती. विचारलं तर म्हणाली, "छातीत आग व्हायची, म्हणून सोडली. डॉक्टरांना सांगितलं नाही, उगाच रागावतील." डॉक्टर मात्र औषध लागू पडतंय का हे पाहायला पुढच्या तपासणीची वाट बघत होते. घेतलंच नाही ते औषध लागू कसं पडणार?

असं गुपचूप थांबणाऱ्यांची संख्या कमी नाही. चूक होते ती एकाच ठिकाणी: दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. ही गोळी माझ्या पोटाला मानवते का, हा एक प्रश्न. मला हाडांसाठी औषध हवं का आणि किती वर्षं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं की आपण दुसऱ्याचाही निकाल लावून टाकतो. हे प्रश्न सुटे करून एकेक कसे सोडवायचे, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

१. पाकिटावरचं नाव वाचा

"हाडांची गोळी" या नावाखाली बऱ्याच घरांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी असतात. एक म्हणजे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, ही पूरकं. दुसरं म्हणजे हाडांची झीज रोखणारं खरं औषध. ते बहुतेक वेळा बिस्फॉस्फोनेट गटातलं असतं: अ‍ॅलेंड्रोनेट (७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा), रिसेड्रोनेट (३५ मिलिग्रॅम आठवड्याला किंवा १५० मिलिग्रॅम महिन्याला), आयबँड्रोनेट (१५० मिलिग्रॅम, महिन्यातून एकदा). याच गटातलं झोलेड्रोनिक अ‍ॅसिड सलाइनसारखं शिरेतून देतात, साधारण वर्षातून एकदा.

हाड सतत झिजत असतं आणि नव्याने भरत असतं. बिस्फॉस्फोनेट हाडाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं आणि हाड कुरतडणाऱ्या पेशींचा वेग कमी करतं. हे चिकटून बसणं लक्षात ठेवा, शेवटी औषधाला सुट्टी देण्याचा विषय निघेल तेव्हा सगळा हिशेब त्यावरच आहे.

तुमचं औषध डेनोसुमॅब (सहा महिन्यांनी एकदा कातडीखाली टोचतात) असेल, तर ते अन्ननलिकेतून जातच नाही. छातीतल्या जळजळीचं खापर त्याच्यावर फोडण्याआधी बाकीच्या गोळ्या तपासा.

२. जळजळ कुठून येते ते समजून घ्या

अ‍ॅलेंड्रोनेटसारखी गोळी पाण्याबरोबर जठरात पोचली तर सहसा कुरकुर करत नाही. ती अन्ननलिकेत अडकली, किंवा जठरातलं आम्ल तिला घेऊन वर आलं, तर आतल्या नाजूक अस्तराला चटका बसतो. हे औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं. पुढच्याच वर्षी अन्ननलिकेला गंभीर इजा झालेल्या रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांतल्या बऱ्याच जणींनी गोळी घोटभर पाण्याबरोबर घेतली होती, किंवा घेऊन पुन्हा आडव्या झाल्या होत्या. या औषधाचे नियम इतके कडक आहेत ते यासाठी.

दुसरं कारण शोषणाचं. या गोळीतलं एक टक्क्याहूनही कमी औषध आतड्यातून रक्तात उतरतं, तेही पोट पूर्ण रिकामं असेल तर. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्या एका टक्क्यातलेही साधारण साठ टक्के हातचे जातात. कॅल्शियमबरोबर घेतली तर जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणजे चुकीच्या पद्धतीने घेतलेली गोळी पोटाला त्रासही देते आणि हाडांपर्यंत पोचतही नाही.

३. गोळीची सकाळ: मिनिटामिनिटाचा हिशेब

आठवड्याचा एक वार ठरवा, ज्या सकाळी घाई नसते असा. झोपण्यापूर्वी पाण्याचा पेला आणि गोळी स्वयंपाकघरात काढून ठेवा, पलंगाशेजारी नको. पलंगाशेजारी ठेवली की माणूस अर्धवट झोपेत, अर्धवट आडवा राहून गोळी घेतो आणि पुन्हा डोळे मिटतो.

उठल्यावर आधी तोंड धुवा, थोडं हिंडा. मग बसून किंवा उभं राहून, पूर्ण पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी गिळा. पूर्ण पेला म्हणजे १८० ते २४० मिलिलिटर. एकदा घरचा पेला मोजून बघा, बरेच पेले यापेक्षा लहान निघतात. खनिजयुक्त बाटलीबंद पाणी टाळा, त्यात कॅल्शियम जास्त असू शकतं. चहा, कॉफी, दूध, रस यांतलं काहीच चालत नाही. गोळी चावायची नाही, चघळायची नाही, तोंडात विरघळू द्यायची नाही, घसा आणि तोंड सोलवटतं.

त्यानंतर अ‍ॅलेंड्रोनेट आणि साध्या रिसेड्रोनेटसाठी किमान ३० मिनिटं, आयबँड्रोनेटसाठी ६० मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही आणि आडवं व्हायचं नाही. बागेत पाणी घाला, कपड्यांच्या घड्या करा, फिरून या. वाकून करायची कामं मात्र या अर्ध्या तासात नकोत. वाकलं की जठरातला ऐवज वर येतो. वेळ संपली तरी नाश्ता झाल्याशिवाय पाठ टेकायची नाही, हा नियम हमखास विसरला जातो. नाश्त्यातलं अन्न गोळीचे उरलेसुरले कण खाली घेऊन जातं.

कॅल्शियम, लोहाची गोळी, आम्लपित्तावरची चघळायची गोळी किंवा पातळ औषध, हे सगळं निदान नाश्त्याच्या पुढे ढकला. कॅल्शियम तर त्या दिवशी दुपारी किंवा रात्रीच घ्या. थायरॉइडची गोळीही रिकाम्या पोटाचा हट्ट धरते. आठवड्यातल्या त्या एका दिवशी ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

ठरलेल्या वारी गोळी राहिली तर आठवल्यानंतरच्या सकाळी एक घ्या आणि पुन्हा मूळ वारावर या. एकाच दिवशी दोन कधीच नाहीत.

आमच्या आईच्या बाबतीत दोष तिसऱ्याच ठिकाणी निघाला. पाणी पुरेसं, पोट रिकामं, पण गोळी पहाटे पाचला घेऊन ती सहापर्यंत पुन्हा झोपायची. "डोळे मिटून पडते नुसती, झोपत नाही," हे तिचं समर्थन. अन्ननलिकेला हा फरक कळत नाही.

४. रीत बरोबर असूनही त्रास होत असेल, तर खरा गुन्हेगार शोधा

अ‍ॅलेंड्रोनेटच्या एका मोठ्या चाचणीत साडेसहा हजारांच्या आसपास स्त्रिया होत्या. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, आणि कोणाला काय हे कोणालाच ठाऊक नाही. काही वर्षांत वरच्या पोटाच्या तक्रारी औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या जणींनी सांगितल्या. पोकळ गोळी घेणाऱ्यांतही तेवढ्याच. तुमचा त्रास मनाचा खेळ आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. या वयात जळजळ, गॅस, मळमळ यांची इतकी कारणं असतात की नवी गोळी सुरू झाली की सगळा आळ तिच्यावर जातो, एवढंच यातून घ्यायचं. अर्थात अशा चाचण्यांत जठराचे गंभीर आजार असणाऱ्यांना सहसा घेत नाहीत आणि सूचना नीट समजावून सांगतात. घरातलं चित्र तितकं नेटकं नसतं.

म्हणून तीन-चार आठवडे एक साधी नोंद ठेवा. गोळीचा वार, त्रासाचा दिवस आणि वेळ, त्रास नेमका कसला, त्या दिवशी आणखी कोणती औषधं घेतली. मग बघा. त्रास गोळीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी येतो, नंतर ओसरतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा तसाच येतो? मग संशय गोळीवर. रोजच सारखा आहे? मग आठवड्यातून एकदा पोटात जाणारी वस्तू रोजचा त्रास कशी देईल, हे स्वतःलाच विचारा आणि रोजच्या गोळ्यांकडे वळा.

रोजच्या गोळ्यांत पहिला मान कॅल्शियम कार्बोनेटचा. बद्धकोष्ठ, पोट फुगणं, गॅस ही त्याची ओळख. ते जेवणाबरोबर घ्यावं लागतं आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम शरीर नीट शोषत नाही. बद्धकोष्ठ फार होत असेल, किंवा आम्ल कमी करणारी गोळी रोज चालू असेल, तर कॅल्शियम सायट्रेटबद्दल विचारा. त्याला शोषणासाठी जठरातल्या आम्लाची तेवढी गरज लागत नाही. आहारातूनच पुरेसं कॅल्शियम जात असेल तर पूरकाचा डोस कमीही करता येतो.

दुसरा मान गुडघे-कंबरेसाठी घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकांचा, आणि हृदयासाठीच्या ॲस्पिरिनचा. यांनी जठराला व्रण होतात. बिस्फॉस्फोनेट आणि वेदनाशामक दोन्ही चालू असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण वेदनाशामक बरेचदा चिठ्ठीशिवाय आणलेलं असतं आणि कुठल्याच कागदावर नसतं.

जळजळीवर उपाय म्हणून आम्ल कमी करणारी गोळी, म्हणजे ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल वगैरे, वर्षानुवर्षं चालू ठेवणं मला खटकतं. ही औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांत हाड मोडण्याचं प्रमाण काहीसं जास्त आढळलं आहे. कारण तेच आहे असं सिद्ध झालेलं नाही, आणि ज्यांना ती खरोखर लागतात त्यांनी ती सोडू नयेत. पण हाडांच्या गोळीमुळे जळजळ, जळजळीसाठी दुसरी गोळी, अशी साखळी जोडण्यापेक्षा हाडांच्या औषधाचा प्रकारच बदलता येतो का ते आधी पाहावं.

५. ही लक्षणं दिसली तर नोंदवही बाजूला ठेवा

गिळताना दुखणं, घास अडकणं, छातीच्या मधल्या हाडामागे नवी किंवा वाढत जाणारी जळजळ: यांपैकी काही झालं तर पुढची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना गाठा. डांबरासारखी काळी शौच, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली तर थेट रुग्णालयात जा. (लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, तरी अंदाज बांधत घरी बसू नका.) छातीतलं दुखणं हृदयाचंही असू शकतं. दम लागणं, घाम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर गोळीचा विचार नंतर करा.

काही जणांना तोंडाने घ्यायची ही गोळी मुळात द्यायचीच नसते: अन्ननलिका अरुंद झालेली आहे किंवा तिची हालचाल बिघडलेली आहे, अर्धा तास ताठ बसणं जमत नाही, रक्तातलं कॅल्शियम कमी आहे. किडनीचं काम बरंच मंदावलेलं असेल तरी ही औषधं टाळतात. अ‍ॅलेंड्रोनेट आणि झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसाठी क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचं माप) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असणं ही ती सीमा आहे. वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेली असेल तर तेही सांगायला विसरू नका.

अन्ननलिकेच्या कर्करोगाची भीतीही अनेकांच्या मनात असते. २०१० मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींच्या एकाच मोठ्या संचावर दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकाला धोका वाढलेला दिसला, दुसऱ्याला दिसला नाही. यावरून घाबरून औषध सोडण्याइतका पुरावा नाही. मात्र बॅरेट्स अन्ननलिका, म्हणजे आम्लाने अस्तर बदललेली अन्ननलिका असेल, तर तोंडाने गोळी नको असंच बहुतेक तज्ज्ञ सांगतात.

६. गोळी नको, पण औषध हवं: मधले रस्ते

पहिला रस्ता अगदी साधा. रीत सुधारून, पोट शांत झाल्यावर, तीच गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करून पाहणं. पोटाच्या तक्रारीमुळे अ‍ॅलेंड्रोनेट सोडलेल्या स्त्रियांना पुन्हा ते किंवा पोकळ गोळी देऊन पाहिलं, तेव्हा दोन्ही गटांत परत सोडणाऱ्यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. इजा झालेली असेल तर अर्थातच हा रस्ता बंद.

दुसरा, रूप बदलणं. महिन्यातून एकदा घ्यायची गोळी म्हणजे वर्षात ५२ ऐवजी १२ वेळा संकट. काही देशांत पाण्यात विरघळवून प्यायचं अ‍ॅलेंड्रोनेट मिळतं, आणि नाश्त्यानंतर घ्यायचं, आतड्यात विरघळणारं रिसेड्रोनेटही मिळतं.

तिसरा, पचनमार्गाला वळसा घालणं. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा, किमान पंधरा मिनिटांत शिरेतून. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत त्याने मणक्याचे फ्रॅक्चर ७० टक्क्यांनी आणि खुब्याचे ४१ टक्क्यांनी कमी केले. किंमत म्हणून पहिल्या वेळी साधारण तिघांतल्या एकाला ताप, अंगदुखी, फ्लूसारखा त्रास होतो, तोही बहुतेक तीन दिवसांत जातो. दुसऱ्या वर्षी हे प्रमाण बरंच खाली येतं. भरपूर पाणी पिऊन जा, पॅरासिटामॉलबद्दल आधीच विचारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीची कामं रद्द करा. आईला शेवटी हेच दिलं. पहिल्या रात्री कणकण आली, तिसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी कुरकुर करत फिरू लागली. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून काढावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम घसरतं.

डेनोसुमॅबही पोटाला वळसा घालतं, पण त्याबद्दल पुढे वेगळं बोलायला हवं. फ्रॅक्चरचा धोका फार मोठा असेल तर हाड नव्याने घडवणारी टेरिपॅराटाइड (रोजचं इंजेक्शन, सहसा दोन वर्षांपर्यंत) किंवा रोमोसोझुमॅब (महिन्याला एकदा, एक वर्ष) ही औषधं असतात. टेरिपॅराटाइडने मळमळ होऊ शकते. नुकता हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर रोमोसोझुमॅब देत नाहीत. रॅलॉक्सिफेन पोटाला सौम्य असतं, पण ते मणक्याचं रक्षण करतं, खुब्याचं नाही, आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतं.

७. आता दुसरा प्रश्न: किती वर्षं?

इथे लोक दोन बातम्यांनी घाबरलेले असतात. एक, जबड्याचं हाड उघडं पडून मृत होणं. दुसरी, मांडीचं हाड किरकोळ कारणाने आडवं मोडणं.

जबड्याचा प्रकार कर्करोगासाठी मोठे डोस घेणाऱ्यांत जास्त दिसतो. ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या, डोसवर तो दहा हजार ते एक लाखात एकाला, या पातळीचा आहे. दात काढण्यासारखी कामं औषध सुरू होण्याआधी उरकून घ्यावीत, नंतर दंतवैद्याला औषधाचं नाव सांगावं.

मांडीच्या हाडाचं गणित जास्त रोचक आहे. कॅलिफोर्नियातल्या सुमारे दोन लाख स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२० मध्ये आला. त्याच्या अंदाजानुसार दहा हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षं बिस्फॉस्फोनेट घेतलं तर खुब्याचे १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीचे असे २ होतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ टळतात आणि ८ होतात. म्हणजे आशियाई स्त्रियांसाठी तराजूचं पारडं कमी झुकतं, तरी झुकतं फायद्याकडेच. वर्षं वाढतात तसा हा धोका वाढतो, आणि औषध थांबवल्यावर लवकर उतरतो. आधी बरेच आठवडे मांडीत किंवा जांघेत बोथट दुखतं. असं दुखणं आलं तर दोन्ही मांड्यांचा एक्स-रे मागा, एकीचा नव्हे.

दुसऱ्या पारड्यात खुब्याचं फ्रॅक्चर ठेवा. त्यानंतर वर्षभरात साधारण पाचांतला एक रुग्ण दगावतो, आणि वाचलेल्यांपैकी बरेच जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत.

बिस्फॉस्फोनेट हाडात वर्षानुवर्षं साठून राहतं, म्हणून त्याला सुट्टी देता येते. २००६ मधल्या एका चाचणीत पाच वर्षं अ‍ॅलेंड्रोनेट घेतलेल्या १,०९९ स्त्रियांपैकी काहींनी ते आणखी पाच वर्षं घेतलं, बाकीच्यांनी पोकळ गोळी. मणक्याव्यतिरिक्तच्या फ्रॅक्चरमध्ये फरक पडला नाही. लक्षणं देणारे मणक्याचे फ्रॅक्चर मात्र थांबवलेल्यांत ५.३ टक्के, चालू ठेवलेल्यांत २.४ टक्के. यावरून रूढ झालेली रीत अशी: गोळ्या पाच वर्षं किंवा सलाइन तीन वर्षं झाली की थांबून फेरविचार करायचा. खुबा किंवा मणका कधी मोडलेला नाही, खुब्याचा टी-स्कोअर (हाडाच्या घनतेचा आकडा, जितका खाली तितकं हाड विरळ) उणे २.५ च्या वर आहे, स्टिरॉइड चालू नाहीत, तर दोन-तीन वर्षांची सुट्टी. रिसेड्रोनेट हाडात कमी टिकतं, त्याची सुट्टी आखूड. ज्यांचं हाड मोडलेलं आहे किंवा स्कोअर अजून खाली आहे, त्यांच्यासाठी गोळ्या दहा वर्षांपर्यंत किंवा सलाइन सहा वर्षांपर्यंत चालू ठेवण्याचा विचार होतो.

डेनोसुमॅबला ही सुट्टी नाही. हे वाक्य फ्रीजवर चिकटवून ठेवा. ते हाडात साठत नाही. इंजेक्शन चुकलं की कमावलेली घनता भराभर उतरते आणि काही रुग्णांत एकाच वेळी अनेक मणके खचतात. दोन इंजेक्शनांत सात महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. थांबवायचंच असेल तर त्यामागे लगेच दुसरं औषध, बहुधा बिस्फॉस्फोनेट, द्यावं लागतं. म्हणजे पोटाला गोळी चालत नाही म्हणून डेनोसुमॅबकडे जाताना, बाहेर पडायच्या वेळी काय घेणार, हे पहिल्या इंजेक्शनआधीच विचारा. किडनी फार बिघडलेली असेल तर या औषधाने कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतं, हेही तेव्हाच बोलून घ्या.

८. डॉक्टरांकडे जाताना

एका कागदावर लिहा: औषधाचं नाव, कधीपासून, त्रासाची नोंद, इतर सगळी औषधं (चिठ्ठीशिवाय आणलेलीसुद्धा), आजवर मोडलेली हाडं, आई-वडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का, उंची किती घटली, शेवटच्या डेक्साचे (हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचे) आकडे, क्रिएटिनिन आणि ड जीवनसत्त्वाचा अहवाल.

मग नेमकं विचारा. औषध न घेता पुढच्या दहा वर्षांत माझं हाड मोडण्याची शक्यता किती? घेतलं तर किती? फेरविचार कोणत्या वर्षी? सुट्टी दिली तर पुढची डेक्सा कधी, आणि कोणत्या गोष्टीवरून सुट्टी संपली असं समजायचं?

आणि कागदाच्या सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, गेल्या तीन महिन्यांत किती गोळ्या खरोखर घेतल्या तो आकडा. दोन असेल तर दोन.